पाचर

आमच्याकडे अंघोळीला जायचं तर आधी बादलीत डोकावून बघावं लागतं. बादलीत पाणीच असेल असं नाही. व्हिनेगर असू शकतं, आणि त्यात दोन-चार गंजके पाने किंवा एखादी करवत भिजत पडलेली असू शकते. एकदा मी घाईत न बघता मग्गा भरून पायावर ओतला. दातांच्या दवाखान्यात मी फोन घ्यायला आणि पेशंटना बसवायला असते. त्या दिवशी डॉक्टरीणबाई दोनदा माझ्या टेबलाशी येऊन हुंगून गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "इथे काही आंबलंय का गं?" मी म्हटलं, "हो, माझा संसार."

हा सगळा नवऱ्याचा उद्योग. या गृहस्थाने उभं आयुष्य विमा कंपनीत खुर्चीवर बसून काढलं. घरात खिळा ठोकायचा असला की मला हाक मारायचा, कारण मी सुताराची मुलगी. निवृत्त झाला आणि जुन्या बाजारातून एक गंजलेला रंधा घेऊन आला. तो आठवडाभर घासला. गंजाखालून चकचकीत लोखंड वर आलं तेव्हा असा हरखला, की बघणाऱ्याला वाटावं ते यानेच घडवलं. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. रंधे, पटाश्या, पकडी, गिरमिटं, आणि ती ठेवायच्या जुन्या पेट्या. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातून पुस्तकं कॉटखाली गेली आणि त्यांच्या जागी पटाश्या आल्या, रुंदीप्रमाणे लावलेल्या. कोणी पाहुण्याने विचारलं, "वापरता का हो ही?" की त्याचा चेहरा पडतो. ती वापरायची नसतातच. वापरली की खराब होतात.

पूर्वी मी भांडायचे. आता दमले. दवाखाना, घर आणि बाबा यांत दिवस संपतो. भांडायला वेगळी ताकद लागते आणि ती काही उरत नाही.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. हातात ताकद होती तोवर कपाटं, टेबलं, खुर्च्या केल्या, मग डोळे थकले म्हणून काम सोडलं, आणि मग हळूहळू आठवण जायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग औषध घेतलं की नाही ते, मग माणसं. एका सकाळी मी चहा दिला, तर एक घोट घेऊन म्हणाले, "बाई, साखर जरा कमी घालत जा हं तुम्ही."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. तेही हसले, पण ते सभ्यपणे, अनोळखी बाईकडे बघून हसावं तसे.

त्या दिवसापासून मी बाई. कामाला ठेवलेली, नीटनेटकी, जरा तोंडाळ बाई. "अहो बाई, दिवा लावता का?" "तुम्ही जेवलात का, बाई?" "घरी कोण कोण असतं तुमच्या?" इतकं अदबीने बोलायचे की अंगावर काटा यायचा. ज्या माणसाने जन्मभर मला अगं-तूगं केलं, एकदा लाकडी फूटपट्टीने फोडून काढलं, तो मला अहो-जाहो करत होता. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांना स्नान घालताना मान खाली घालून म्हणायचे, "तुम्हाला फार त्रास देतो मी." मी म्हणायचे, "त्रास कसला," आणि बाहेर येऊन उगाचच टॉवेल पिळत बसायचे.

खरं तर नावाने त्यांनी मला आधीही फार कधी हाक मारली नव्हती. त्यांच्यासाठी मी पाचर. पाचर म्हणजे लाकडाचा तो चपटा, निमुळता तुकडा. हातोडीच्या दांड्याच्या टोकाला चीर पाडून त्यात ठोकतात, म्हणजे लोखंडी डोकं हलत नाही. आणि कोणाच्या चांगल्या चाललेल्या कामात मारतात तीही पाचरच. मी दुसऱ्या प्रकारची होते. लहानपणी मी त्यांच्या कामाच्या खोलीत भुशात खेळत असायचे. एकदा एक गिऱ्हाईक आलं होतं आणि बाबा त्याला फळ्या दाखवून सांगत होते, की हे लाकूड वर्षभर वाळवलंय, कधी वाकायचं नाही. मी भुशातून मान वर काढून म्हटलं, "बाबा, हे तर कालच आलं ना?" गिऱ्हाईक निघून गेलं. बाबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मारली पाचर." तेव्हापासून तेच नाव पडलं. पाचरे, धर जरा इकडून. पाचर कुठं गेली? पाचर जेवली का? माझ्या लग्नात सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाले, "नीट ठोकून बसवा हो, नाहीतर सुटून येईल परत."

मला एवढंच हवं होतं. त्यांनी मला ओळखावं, जुन्या गोष्टी सांगाव्यात, ही हाव मी कधीच सोडून दिली होती. एकदा पाचर म्हणावं, बस. मग पुढचं सगळं मी केलं असतं, बाई म्हणून का होईना.

हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पण त्याला कळलं असणार, कारण बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यानेच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, "ओळखीच्या वस्तू हातात देऊन बघा. कधीकधी डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. खात्री नाही देत, पण बघा." येताना रिक्षात नवरा म्हणाला, "पेटी काढूया का?"

बाबांची हत्यारांची पेटी आमच्या माळ्यावर होती. ते आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेबरोबर आली होती. नवऱ्याचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा होता आणि मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की त्या पेटीला हात लावलास तर बादलीसकट बाहेर जाशील. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "काढ."

माळ्यावरून ती उतरवताना आमचे दोघांचेही हात भरून आले. आडदांड लाकडी पेटी, वरचा रंग कुठे हिरवा, कुठे निळा, कुठे नुसतंच मळलेलं लाकूड. झाकण उघडलं आणि तो वास आला. तेल, भुसा, लोखंड आणि बाबा. मी म्हटलं, "आत्ताच नेऊन ठेवूया त्यांच्यासमोर."

"अशी?" नवरा म्हणाला. "अगं, बघ तरी काय अवस्था आहे. ही पटाशी बघ, गंजाने खाल्लीय. करवतीचे दात गेलेत. त्यांना वाईट नाही वाटणार? थोडे दिवस दे मला. अशी करून देतो की बघत राहतील."

मी थांबायला हवं होतं, दोन मिनिटं विचार करायला हवा होता. पण स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं आणि बाबा आतून "बाई, बाई" करत होते. मी म्हटलं, "कर काय करायचं ते." जाता जाता पेटीतली छोटी हातोडी तेवढी उचलली. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी फुगली होती, ठोकल्याशिवाय बसायची नाही, आणि नवऱ्याच्या कपाटातल्या हातोड्यांना हात लावायची सोय नव्हती. काम झाल्यावर ती मी चमच्यांच्या खणात टाकली आणि विसरून गेले. नवऱ्यानेही विचारलं नाही. त्याच्याकडे मोजायलाच इतकं होतं.

मग तो जो लागला, तो लागलाच. जेवायला हाका माराव्या लागायच्या. बादली व्हिनेगरने भरलेली, गॅलरीत तारेच्या ब्रशचा खरखर आवाज, दोरीवर कपड्यांऐवजी तेलाची फडकी. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या माणसासाठी हा माणूस इतका राबताना मी कधी बघितला नव्हता. संध्याकाळी येऊन दाखवायचा, "हे बघ, आज गुण्या झाला." मी पीठ लागल्या हातांनी बघायचे आणि छान म्हणायचे. छानच होता. काटकोनातली पितळी पट्टी सोन्यासारखी लखलखत होती.

रविवारी दुपारी बाबांची झोप झाल्यावर त्याने पेटी त्यांच्या खोलीत आणली. बाबांना मी स्वच्छ सदरा घातला होता, का ते मलाही सांगता यायचं नाही. पेटी एकसारखी गडद हिरवी, कोपऱ्यांना नवीन पितळी पट्ट्या. नवऱ्याने झाकण उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे, प्रत्येक मूठ तासून, घासून, तेल पाजून मधासारखी झालेली, प्रत्येक पात्यात खिडकी दिसत होती.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"वा," ते म्हणाले. "वा, वा. सुंदर आहे हो. दुकान कुठंय तुमचं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बाबा, ही तुमचीच आहे. तुमची पेटी."

"नाही हो, बाई." ते हसले. "माझी पण होती अशी. जुनी होती. ही नवीन आहे." त्यांनी एक पटाशी दोन बोटांनी उचलली, दुकानात किमती वस्तू उचलतात तशी, मूठ जरा फिरवून बघितली आणि परत जागेवर ठेवली. "एखाद्या नवीन माणसाला घेऊन द्या. सांभाळून वापर म्हणावं." मग दमून खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "यांना चहा द्या, बाई. लांबून आले असतील."

मी चहा करायला गेले. नवरा मागोमाग आला आणि ओट्याशी उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "सगळं घासून काढलंस."

"गंज होता गं."

"मुठींवर काय गंज होता? काळ्या होत्या त्या. त्यांच्या हाताने काळ्या झाल्या होत्या. जिथे बोट ठेवायचे तिथे खळगे होते, ते पण तासलेस. त्यांचा हात घासून टाकलास तू, आणि आता त्यांच्यापुढे नेऊन ठेवतोस आणि म्हणतोस ओळखा."

तो काही बोलला असता तर मी आणखी बोलले असते आणि कदाचित मोकळी झाले असते. तो नुसता उभा राहिला, नखांत काळं तेल भरलेले हात समोर धरून, आणि मला त्याचीही कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. चहा उतू गेला. तो पुसला, दुसरा केला, आणि लांबून आलेल्या पाहुण्याला नेऊन दिला.

त्यानंतर गॅलरीतली खरखर बंद झाली. बादलीत रोज पाणीच असायचं. त्याचं मला बरं वाटायला हवं होतं. नवरा वर्तमानपत्र घेऊन बसायचा, पान उलटायचा नाही. पेटी बाबांच्या खोलीत कोपऱ्यात पडून होती आणि बाबा तिच्यावर घडी केलेला टॉवेल ठेवायचे. मी कामाला जात होते, येत होते, गोळ्या देत होते, उशा बदलत होते. बाई म्हणून हाक आली की ओ देत होते. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला सवय नव्हती झाली, फक्त वाट बघायचा कंटाळा आला होता.

एका सकाळी जोराचा वारा सुटला आणि स्वयंपाकघराची खिडकी धडाधड आपटायला लागली. दूध गॅसवर, दवाखान्याला उशीर होत होता आणि कडी बसेना. मी खणातून हातोडी काढली आणि सगळ्या जगावरचा राग त्या कडीवर काढायला लागले. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला हातोडीचं डोकं दांड्यावर लटपटायला लागलं. मी तशीच ठोकत राहिले.

"अहो बाई. अहो बाई, थांबा."

बाबा दारात उभे होते, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. इतके वैतागलेले मी त्यांना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. "असं ठोकतात का? डोकं उडून कोणाला तरी लागेल." त्यांनी हात पुढे केला आणि मी हातोडी दिली.

दांडा काळाकुट्ट होता. तो कोणी घासला नव्हता, कारण तो माझ्या चमच्यांत पडून होता. बाबांनी मूठ आवळली आणि त्यांचा अंगठा दांड्यावर आडवा न येता लांब पसरला, थेट त्या खळग्यात जाऊन बसला. ते नेहमी तशीच धरायचे. मी गॅस बंद केला.

त्यांनी हातोडी कानाशी नेली आणि हलवली. आत बारीक टकटक झाली. हलवून पुन्हा ऐकली. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "पाचर कुठंय?"

मी ओट्याला धरलं. "मी इथेच आहे, बाबा," मी म्हटलं. "इथेच आहे मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अडाण्याला समजावून सांगावं तशा थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही नाही हो, बाई. पाचर. लाकडाची. ही निघालीय."

बरोबरच होतं त्यांचं. दांड्याच्या टोकाशी रिकामी चीर दिसत होती. मी मान हलवली. नवरा आवाज ऐकून आला होता आणि दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. तो गेला आणि मूठभर लाकडाच्या चिपा घेऊन आला, लहान, मोठ्या, असतील तेवढ्या. त्याच्या पेट्यांच्या कामात असल्या पुष्कळ निघतात.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. एकेक चीप उचलून उजेडात धरायचे, नखाने रेघ बघायचे, बाजूला ठेवायचे. एक पसंत पडली. नवऱ्याने सुरी दिली. हात थरथरत होते, पण सुरी लाकडाला लागली की थरथर थांबायची. त्यांनी ती निमुळती केली, जिभेने जराशी ओली केली, चिरेत बसवली. ठोकायला काही नव्हतं, तर नवऱ्याने धावत जाऊन आपल्या कपाटातली लाकडी हातोडी आणली, काचेच्या मागची, कधीही न वापरायची. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. घेतली आणि ठोकायला लागले. दवाखान्यातून फोन येत होता. मी तो पालथा घातला.

पाचर आत गेली. उरलेलं टोक त्यांनी सुरीने छाटलं, पुन्हा हातोडी कानाशी नेली आणि हलवली. आता आवाज आला नाही. ते खुर्चीत मागे टेकले, हातोडी मांडीवर, अंगठा त्या खळग्यात. दमले होते. नवऱ्याने सवयीने हात पुढे केला, दांड्यावरचा मळ बघायला असेल, आणि मग स्वतःच मागे घेतला.

मी चिपा गोळा करायला लागले. उशीर झालाच होता. म्हटलं आता चहा करावा, यांना गोळ्या द्याव्यात, मग फोन करून सांगावं की आज येत नाही.

"पाचर कुठं गेली?" बाबा म्हणाले.

नवरा म्हणाला, "अहो, आत्ताच तर बसवली तुम्ही," आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं.

बाबा कोणाकडेच बघत नव्हते. समोर बघत होते, ओट्याच्या खाली, जमिनीलगत, जिथे एखादं पोर खेळत बसलं असतं. कदाचित त्यांना आठवत नसेल की आत्ताच बसवली. तसंच असेल. त्यांना चहा घेतलेलाही आठवत नाही.

मी चिपा टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या खुर्चीशी खाली बसले.

"इथेच आहे, बाबा."

"आहे ना?"

"आहे."

"बरं," त्यांनी हातोडीवरची पकड जरा सैल केली आणि डोळे मिटले. "मग हलू नकोस आता."

नका नाही, नकोस म्हणाले. लाकडाच्या पाचरीलाही कोणी नका म्हणत नाही, हे मला कळतं. नवऱ्याने हळूच माझा फोन उचलला आणि माझ्या वतीने बोलायला गॅलरीत गेला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले आणि हलले नाही.